बाबांना घरीच राहायचंय: शेवटच्या आठवड्यांत कोणी काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात साखळी या शहराजवळच्या गावात राहणाऱ्या ७४ वर्षांच्या वडिलांना स्वादुपिंडाचा कर्करोग आहे. गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या हॉस्पिटलात) सांगितलं, आता केमो झेपणार नाही, घरी न्या. वडिलांचंही म्हणणं तेच, मला घरीच ठेवा. आई ६९ वर्षांची, भाऊ कुवेतला, विचारणारी मुलगी पणजीत नोकरीला. तिच्या वाचनात ‘डेथ डूला’, म्हणजे शेवटच्या दिवसांत माणसाला आणि घरच्यांना सोबत करणारी व्यक्ती, हे आलं. अशी बाई लावावी का, ती नेमकं काय करते आणि वाड्यावरची (आपल्या वस्तीतली) माणसं काय म्हणतील, असं तिने विचारलंय.

ताई, डूला लावावी की नाही हे शेवटी ठरवू. त्याआधी ठरवायचं ते हे, की येत्या आठवड्यांत दिवसाच्या आणि रात्रीच्या कोणत्या तासाला बाबांजवळ कोण असेल आणि त्याला काय करता येत असेल. हे कागदावर आलं की डूला हवी का, कशासाठी हवी, हे आपोआप दिसेल.

आपल्याकडे माणूस गेल्याचं कळलं की अर्ध्या तासात अंगण भरतं. बांबू कोण तोडणार, लाकडं कोण पाहणार, भटजींना कोण आणणार, हे कोणाला सांगावं लागत नाही. ख्रिस्ती वाड्यावर कॉन्फ्रारियाचे, म्हणजे चर्चच्या मंडळाचे, लोक येतात, मुसलमान घरात गुस्ल (मयताची आंघोळ) आणि कफन जाणणारी माणसं येतात. गेल्यानंतरचं सगळं आपल्या गावांना येतं. जायच्या आधीचे दीड-दोन महिने मात्र त्या घरात फक्त बायको आणि एखादी मुलगी असते, आणि शेजारी दारातूनच ‘काही लागलं तर सांगा’ म्हणून वळतात. डूलाच्या कामाचा गाभा मला विचाराल तर हाच: अंगणात येणारे ते हात काही आठवडे आधी घरात आणणं, आणि त्यांना काय करायचं ते शिकवणं.

ती नर्स नसते. इंजेक्शन देत नाही, औषधाचा डोस बदलत नाही, जखमेचं ड्रेसिंग करत नाही. माणसाला काय हवं-नको ते विचारून लिहून ठेवणं, घरच्यांना पुढची लक्षणं आधी समजावणं, रात्री बसणं, शेवटच्या दिवसांत खोलीत गोंधळ होऊ न देणं आणि नंतर घराला सावरायला मदत करणं हे तिचं काम. भारतात या कामाला सरकारी परवाना किंवा नोंदणी नाही, त्यामुळे प्रमाणपत्र पाहून फारसं कळत नाही. तिला विचारा: किती घरांत बसलात, रात्री याल का, कुठल्या डॉक्टरांशी तुमचं बोलणं असतं, पैसे दिवसाचे की कामाचे. ‘बरं करून देते’ म्हणणारीला घरात घेऊ नका. आणि कोणी मिळाली नाही तरी अडत नाही. केरळात २००१ पासून मलप्पुरममध्ये शेजाऱ्यांच्या जाळ्यातूनच ही सेवा उभी राहिली. थोडं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं आठवड्यातून काही तास देतात आणि डॉक्टर-नर्स त्यांच्या पाठीशी असतात. आपल्या वाड्यावर हे लहान प्रमाणात जमतं.

घरी ठेवणं जमेल का, हे तीन गोष्टींवर आहे. दुखणं आवाक्यात आहे का, गावात घरी येणारा डॉक्टर आहे का, आणि आईंची तब्येत किती साथ देईल. यातली एक गोष्ट नसेल तर सांभाळता येतं, दोन नसतील तर दुसरी सोय पाहा. लोटलीला शांती आवेदना सदन आहे, पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या रुग्णांना तिथे मोफत ठेवून घेतात. आताच फोन करून दाखल करण्याचे नियम विचारून ठेवा. शेवटी तिकडे न्यावं लागलं तर बाबांना दिलेला शब्द मोडला असं मनात आणू नका. त्यांनी घर मागितलं ते आपली माणसं आणि शांतपणा हवा म्हणून, आणि तो तिथे मिळतो.

आता दुखण्याबद्दल. स्वादुपिंडाचं दुखणं पोटाच्या वरच्या भागातून पाठीत जातं, उताणं झोपलं की वाढतं, पुढे वाकून बसलं की थोडं कमी होतं. म्हणून पलंगासमोर उशी ठेवलेलं टेबल ठेवा, त्यावर वाकून बसता येईल. गोमेकॉत वेदनाशामक उपचारांच्या डॉक्टरांना भेटून मॉर्फिनबद्दल विचारा, आणि पोटातल्या नसांना इंजेक्शन देऊन दुखणं कमी करता येईल का, हेही विचारा. मॉर्फिन म्हणजे शेवट, असं आपल्याकडे अनेक घरांत धरून बसतात आणि माणूस विनाकारण कळवळत राहतो. साधी मॉर्फिनची गोळी चार तास पुरते, म्हणून ती दुखायची वाट न पाहता दर चार तासांनी घड्याळ लावून द्यायची असते. मध्यरात्री उठवावं लागू नये म्हणून डॉक्टर बहुधा झोपतानाचा डोस दुप्पट देतात. सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून रोज हवंच. ते विसरलं की आठवड्याभरात पोट घट्ट होतं, उलट्या सुरू होतात आणि दोष मॉर्फिनवर जातो. मध्येच कळ आली तर जादा डोस किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि एका वहीत तारीख, वेळ, गोळी, दुखणं दहापैकी किती, शौच झालं का, एवढे पाच रकाने पाडा. डॉक्टरांना ही वही दाखवली की डोस ठरवणं सोपं जातं.

एक गोष्ट आधीच विचारा: गोळी गिळता येईनाशी झाली की काय? कातडीखाली इंजेक्शन देता येतं, फेंटानिल या वेदनाशामकाचा पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) लावता येतो. पण पॅचचा असर पूर्ण यायला बारा ते चोवीस तास लागतात. रविवारी रात्री गिळणं थांबल्यावर धावाधाव करून काही हाती लागत नाही, त्यामुळे ही सोय दोन आठवडे आधी झालेली बरी.

खोलीचं सामान फार लागत नाही. डोकं वर होणारा पलंग भाड्याने मिळतो. हवेची गादी घ्याल तर लक्षात ठेवा, ती विजेवर चालते आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते तुम्हाला माहीत आहे. वीज गेली की गादी हळूहळू बसते आणि माणूस कडक पाट्यावर येतो. ऑक्सिजनचं यंत्र असेल तर तेही बंद पडतं. इन्व्हर्टर दोन्ही ओढतो का ते आजच वीज बंद करून पाहा. श्वास लागत असेल तर एक टेबलफॅन चेहऱ्यावर एका बाजूने लावा. ऑक्सिजनची पातळी ठीक असतानाही धाप लागलेल्या माणसाला याने उतार पडतो.

कूस दर दोन तासांनी बदलायची. दोघांनी बदलायची, अंगाखाली आडवी दुमडलेली चादर घालून तिच्यासकट उचलायची. ओढलं की माकडहाडावरची कातडी घासते आणि तिथेच व्रण सुरू होतो. पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी देऊन थोडं तिरपं. पोटरीखाली उशी घाला म्हणजे टाचा अधांतरी राहतील. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून पाहा, दाबल्यावर पांढरी होत नसेल तर व्रणाची सुरुवात आहे. ती जागा चोळू नका, तिच्यावरचा भार काढा. दमट हवेत रबरी शीटवर थेट झोपवलं की पाठ घामाने भिजून पुरळ येते, म्हणून वर सुती चादर हवीच. डायपर दर चार तासांनी पाहायचा आणि जांघा कोरड्या ठेवायच्या.

आता वाड्यावरच्या माणसांचं. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्याला काम नेमून द्या, तेही मोजकं. ‘मंगळवारी दुपारी दोन ते चार तुम्ही बसाल का? आईला झोपायचं असतं.’ असं विचारलं की सहसा कोणी नाही म्हणत नाही. सहा-आठ जणांची यादी करा. पहाटे दोन ते पाच हे तास सगळ्यांत कठीण. औषध सुरू असलं तरी याच वेळी भीती दाटते. तिथे भजनी मंडळातला एखादा तरुण आलटूनपालटून बसला तर आई टिकतील. येणाऱ्याने काय करायचं ते पलंगाशेजारी एका कागदावर लिहा: कूस कधी, तोंड कधी पुसायचं, कोणता फोन कोणाचा. आणि बातमी सांगायला घरातलं एकच माणूस ठेवा, नाहीतर दिवसभर फोन घेण्यातच आईंचा जीव जाईल.

बाबांशी बोलायचं ते ते बोलू शकतात तोपर्यंत. एकाच बैठकीत सगळं नको. दुखणं कमी असेल तेव्हा, सकाळी, एकेक विषय: कोणाला भेटायचंय, कोण नको, खोलीत भजन हवं की शांतता, हॉस्पिटलात परत जायचं का, व्हेंटिलेटर चालेल का. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर यायला हवीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असं आगाऊ वैद्यकीय निर्देशपत्र मान्य केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. त्यात बाबांच्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावं घालता येतात, तुमचं आणि भावाचं दोन्ही घाला. एक प्रत पंचायतीने किंवा पालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं निर्देशपत्र केलं तेव्हा हा विषय आपल्याकडे बराच चर्चेत आला होता, त्यामुळे गोमेकॉत हा कागद दाखवला तर तो नवा वाटायला नको. परदेशातला मुलगा शेवटच्या दोन दिवसांत येऊन ‘आयसीयूत न्या’ म्हणतो, तेव्हा बाबांचीच सही समोर असलेली बरी. त्यात त्याचा दोष नसतो, त्याने आधीचे आठवडे पाहिलेले नसतात. म्हणून आठवड्यातून एकदा त्याला व्हिडिओ कॉलवर पलंगाशेजारी बसवा.

मृत्युपत्राचा विषय वेगळा आहे. गोव्यात ते साध्या कागदावर लिहून भागत नाही, सरकारच्या विशेष नोटरीच्या कार्यालयात करावं लागतं. नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असेल तर अर्धी मुळातच आईंची, आणि मुलं असल्यावर बाबांच्या हिश्श्यातलाही अर्धाच भाग त्यांना हवा तसा देता येतो. वकिलांना आताच विचारा. जुन्या पोर्तुगीज दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं असेल तर तेही आता सोडवा, नंतर वाटणीच्या वेळी हेच अडकतं.

भावाला कधी बोलवायचं? बाबा स्नानगृहापर्यंत जाऊ शकेनासे झाले आणि जेवण दोन-चार चमच्यांवर आलं की तिकीट काढायला सांगा. तेव्हा अजून बोलणं होतं. झोप वाढली, दिवसातले अठरा-वीस तास डोळे मिटलेले, लघवी कमी आणि गडद, पाय गार आणि गुडघ्यांवर जांभळट नक्षी दिसू लागली, श्वास थांबून थांबून येऊ लागला की मग दिवस किंवा तास उरलेले असतात.

या टप्प्यावर भरवू नका. भूक मेल्यामुळे माणूस जात नाही, जायला निघाल्यामुळे भूक मरते. जबरदस्तीने घातलेला घास श्वासनलिकेत जातो. घरोघरी सलाईनचा आग्रह होतो, पण मूत्रपिंडं मंदावलेली असताना ते पाणी पायांत आणि छातीत साठतं, घशातली घरघर वाढते. तोंड कोरडं पडतं त्याला उपाय तोंडाचाच: दर तासाला ओला कापूस हिरड्यांवरून, जिभेवरून फिरवायचा, ओठांना व्हॅसलीन लावायचं, ऑक्सिजन सुरू असेल तर मात्र तेलकट काही लावू नका. घरघर लागली की ऐकणाऱ्याला फार त्रास होतो. बाबा शुद्धीत नसतील तर त्यांना तो बहुतेक जाणवत नसतो. कुशीवर वळवा, डोकं थोडं वर घ्या, आवाज कमी होतो. नाही झाला तर डॉक्टरांचं इंजेक्शन असतं, तेही आधी मागून ठेवा.

ऊर्ध्व लागला की रीतीप्रमाणे गंगाजल आणि तुळशीपत्र. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात चमच्याने पाणी घातलं की ठसका लागतो आणि शेवटचा श्वास गुदमरत जातो. गंगाजलात बोट किंवा कापूस बुडवून ओठांना लावा, तुळशीचं पान ओठांवर ठेवा. रीत पूर्ण होते. तसंच जमिनीवर घेण्याचं. हाडं दुखणाऱ्या, जिवंत माणसाला चौघांनी उचलून गार फरशीवर ठेवणं फार वेदनेचं असतं. भटजींशी आताच बोला. जमिनीवर पातळ गादी घालून आधीपासून तिथेच झोपवणं, किंवा श्वास थांबल्यावर खाली घेणं, यातलं काहीतरी बहुतेक भटजी मान्य करतात. ऐनवेळी मात्र वाड्यावरचं सगळ्यांत मोठं माणूस म्हणेल तसंच होतं, म्हणून त्या माणसाला आधी विश्वासात घ्या.

श्वास थांबल्यावर घाई नाही. १०८ ला फोन करू नका, ती सेवा जीव वाचवण्यासाठी आहे आणि आलेल्या कर्मचाऱ्यांना त्यांचं काम करावं लागेल. हॉस्पिटलात मृत अवस्थेत पोचले अशी नोंद झाली की पोलिसांना कळवणं आणि शवचिकित्सेचा प्रश्न उभा राहू शकतो. फोन करायचा तो नेहमी पाहणाऱ्या डॉक्टरांना. म्हणूनच आतापासून एका एमबीबीएस डॉक्टरांनी दर आठवड्याला घरी येऊन बाबांना पाहिलेलं असावं. शेवटच्या आजारात तपासणाऱ्या डॉक्टरांनी कारणाचं प्रमाणपत्र, नमुना ४अ, शुल्क न घेता द्यायचं असतं. त्यात कारण म्हणून ‘हृदय बंद पडलं’ एवढंच नको, स्वादुपिंडाचा कर्करोग असं स्पष्ट असावं, विम्याच्या वेळी उपयोगी पडतं. मृत्यूची नोंद पंचायतीत २१ दिवसांत करा, त्यापुढे विलंब शुल्क आणि परवानग्या सुरू होतात. बाबांना नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांत व्हावं लागतं: पंखा बंद, डोळे मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी, आणि फोन लगेच.

शरीर दोन-तीन तासांत ताठरायला लागतं, सुरुवात पापण्या आणि जबड्यापासून होते. त्याआधी डोळे मिटवा, हनुवटीखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, हातपाय सरळ करा, अंगठी काढा, खाली जाड डायपर ठेवा. पेसमेकर असेल तर डॉक्टरांकडून काढून घ्यायलाच हवा, चितेत त्याचा स्फोट होतो. भाऊ पोचायचा असेल तर शीतपेटी भाड्याने कुठे मिळते तो नंबर भिंतीवर लावून ठेवा; आपल्या हवेत सहा-आठ तासांपुढे तिच्याशिवाय ठेवू नका. दहनाला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागतं, ओलं असेल तर जास्त. पावसाळा असेल तर सुकं लाकूड कोणाच्या शेडमध्ये आहे आणि स्मशानभूमीवर छप्पर धड आहे का, हे एका माणसाने आधी पाहून यावं.

आईंबद्दल एक गोष्ट कोणी तुम्हाला विचारणार नाही, म्हणून इथे लिहितो. पहिल्या अर्ध्या तासात बायका आईंना घेरतील. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे त्यांना विचारून होत नाही, होऊन जातं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला तेव्हा त्याची चर्चा आपल्याकडेही झाली. आईंना हे हवंय की नकोय, हे बाबा असतानाच, आई दोघी-तिघी मैत्रिणींत बसलेल्या असताना विचारा. नको म्हणाल्या तर त्या वेळी त्यांच्या दोन्ही बाजूंना बसणारी दोन माणसं ठरवा: एक तुम्ही, आणि दुसरी वाड्यावरची अशी वडीलधारी बाई जिचा शब्द मोडला जात नाही. हव्या म्हणाल्या तर तोही त्यांचाच निर्णय, त्यांना समजवायला जाऊ नका. डूला मिळाली, तर तिच्याकडून मी सगळ्यांत आधी हे काम मागेन, कारण त्या क्षणी तुम्ही स्वतः सावरलेल्या नसाल.

उरलेलं मॉर्फिन फेकू नका, घरात ठेवू नका, जिथून आणलं तिथे वहीसकट परत करा. पलंग दुसऱ्याच दिवशी हलवायची घाई असते, पण कधी हलवायचा ते आईंना विचारा. आणि बसणाऱ्यांची यादी करताना ती तेराव्यापर्यंतच लिहू नका. तेराव्याला घर रिकामं होतं, तुम्ही पणजीला परतता, भाऊ विमानात बसतो. पुढचा दीड महिना मंगळवारी दुपारी आणि संध्याकाळी दिवेलागणीला कोण येईल, ती नावंही त्याच कागदावर आताच लिहा.